खुरपलेला कोपरा

आई गेली तेव्हा माझा भाऊ डोंगरावर गुलाबांना पाणी घालत होता. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. निरोप आला तेव्हा हातात झारी होती म्हणे, ती तशीच धरून उभा राहिला. मी विचारलं, मग निघतोस ना? तो म्हणाला, प्रार्थना करतोय. मी म्हटलं, कर. आणि फोन ठेवून आईला पोचवायच्या तयारीला लागले.

हा माझा पाठचा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणत. मिशाही नीट फुटल्या नव्हत्या तेव्हा तो गावाच्या डोक्यावरच्या त्या फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधूंच्या मठात गेला आणि तिथलाच झाला. तपकिरी झगा, पायात वहाणा, कमरेला दोरी आणि दोरीला तीन गाठी. एक गाठ गरिबीची, एक ब्रह्मचर्याची, एक आज्ञा पाळण्याची. गरिबीची शपथ घ्यायला डोंगर चढावा लागतो हे मला नवीन होतं. आमच्याकडे ती शपथ न घेताच चालू होती. दुसऱ्या गाठीचं म्हणाल तर आजारी आईला सोडून लग्न करायला मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. तिसरी गाठ तर बाईच्या जातीला जन्मतःच मारलेली असते. म्हणजे तिन्ही गाठी माझ्याही होत्या, झगा तेवढा त्याला मिळाला.

मी नगरपालिकेच्या बागेत माळीण आहे. वाफे करते, खुरपते, छाटते, लोकांनी टाकलेली पाकिटं उचलते. घरी येऊन आईचं करायचे. आईच्या खोलीच्या खिडकीतून मठाच्या घंटाघराचा मनोरा दिसतो. आईची खाट मी मुद्दाम अशी लावली होती की पडल्या पडल्या तिला तो दिसावा. ती म्हणायची, बारक्यालाही तिथून आपलं घर दिसत असेल. मी म्हणायचे, दिसत असेल.

आता खाट रिकामी आहे आणि खोलीत कपाट आहे. लाकडाचं, दाराला आरसा असलेलं. त्याची किल्ली आई गळ्यातल्या दोऱ्यात ठेवायची. शेवटी तो दोरा मीच काढला आणि खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून मी ते कपाट उघडलेलं नाही. शेजारची मावशी दोनदा येऊन म्हणाली, चल, दोघी मिळून उरकून टाकू, कपडे असे ठेवू नयेत. मावशी भली आहे. पण तिला काय माहीत? एखादा स्वेटर हातात आला तर तो कुठल्या हिवाळ्यातला, त्याच्या कोपराला ठिगळ का, हे मला एकटीला माहीत असून भागत नव्हतं. तिथं बाजूला असं कोणीतरी हवं होतं ज्याला ते आधीच माहीत आहे. असा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो वर गुलाबांना पाणी घालत होता.

म्हणून मी ठरवलं, त्याला एका दिवसासाठी खाली आणायचं. जन्मभरासाठी नव्हे. कपाट उघडू, रिकामं करू, जेवू, मग खुशाल जा. त्याच्या अंथरुणाची चादर धुऊन ठेवली. मावशीला सांगूनही बसले की भाऊ येतोय.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेले. बस पायथ्याशी सोडते, पुढं चढ. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते गुडघ्यांना लगेच कळतं. दारात तिकिटाची खिडकी, बाजूला दुकान: साबण, मध, मेणबत्त्या, संतांची चित्रं असलेले पेले. दाराशी एक म्हातारा साधू बसला होता. कोणाला भेटायचंय, विचारलं. मी म्हटलं, भावाला. तो हसला आणि म्हणाला, इथं सगळेच भाऊ आहेत. मी म्हटलं, माझा. तेव्हा त्याचं हसू जरा आवरलं. ही मौनाची वेळ आहे, प्रार्थना उरकली की पाठवतो, तोवर मठ बघा, असं त्यानं सांगितलं.

आत पर्यटकांचा एक घोळका होता आणि त्यांच्यापुढं छत्री उंच धरून चाललेला गाइड. मी त्यांच्यात गेले नाही. मला ऐकायचं काही नव्हतं, बोलायचं होतं.

एकटीच हिंडले. मधोमध विहीर असलेलं चौकोनी अंगण, चारी बाजूंना कमानी, त्यांच्याखाली घासून गुळगुळीत झालेली फरशी. पावलांनी पायऱ्यांना मधोमध खळगे पाडलेले. एक खोली लोकांना बघायला मोकळी ठेवली होती, दाराला आडवा दोर लावून. लाकडी फळीचं अंथरूण, एक स्टूल, भिंतीला एक खिळा. बायका-पुरुष त्या दोराशी उभे राहून हळू आवाजात म्हणत होते, किती साधं जगणं. एकीनं तर डोळे पुसले. आईच्या खोलीतही याहून जास्त काही नव्हतं. पण तिथं बघायला कोणी आलं नाही, आणि डोळे पुसायला तर नाहीच नाही.

बाग मठाच्या मागं, उतारावर टप्प्याटप्प्यानं होती. खोटं कशाला बोलू, बाग चांगली होती. दगडी कडांचे वाफे, गुलाब वेळेवर छाटलेले, लिंबाच्या झाडांची आळी स्वच्छ, औषधी झाडांच्या ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ. आमच्या साहेबाला दाखवावी अशी. मला माहीत होतं की बारक्या इथं बागेचं काम करतो, आणि तेच मला जास्त झोंबत होतं. लहानपणी घरामागच्या भाजीच्या तुकड्यात आई आम्हाला एकेक ओळ खुरपायला द्यायची. हा पठ्ठ्या अर्धी ओळ करून पळायचा. उरलेली कोण करायचं ते सांगायला नको.

कठड्यापाशी जाऊन मी खाली गाव बघितलं. इस्पितळाची चिमणी दिसली, बसचा अड्डा दिसला, आमची नगरपालिकेची बागसुद्धा दिसली, हिरव्या रुमालाएवढी. आमचं घर दिसलं नाही. खालच्या अंगाला सरूच्या झाडांची उंच रांग आहे, आमच्या बाजूचं सगळं तिच्यामागं झाकलेलं. कठडाभर फिरले, टाचा उंच करून बघितलं. नाही म्हणजे नाही. आमच्याकडून मनोरा दिसतो तो केवळ उंच आहे म्हणून. इतकी वर्षं आई ज्याच्याकडं बघत पडून राहिली, त्याला तिच्याकडं बघायची सोयच नव्हती.

मग मला तो कोपरा दिसला.

बागेच्या शेवटच्या टोकाला, भिंतीखाली, खाटेपेक्षा थोडी मोठी जागा. एवढ्या नेटक्या बागेत तो तुकडा म्हणजे चांगल्या कपड्यांवर सांडलेलं कालवण. हरळी माजलेली, घोळ पसरलेला, रानमोहरी कमरेएवढी, मधूनच काटेरी झुडपं, अंगाला लागली तर खाज सुटेल अशी पानं. माझ्या मनात लगेच आलं: हीच ती उरलेली अर्धी ओळ. म्हातारा झाला तरी खोड गेली नाही.

माझ्या पिशवीत खुरपं असतंच. बागेतल्या खोलीत ठेवलं तर चोरीला जातं, म्हणून आम्ही सगळे आपापलं घरी नेतो. जवळ एक लाकडी पाटी होती, तिच्यावर पिशवी अडकवली, पदर खोचला आणि बसले. थांबायचंच आहे तर हात रिकामे कशाला? आणि खरं सांगायचं तर तण बघून मला बसवत नाही. इतर बायकांना तान्हं रडताना ऐकून जसं होतं, तसं.

कोपऱ्यातली माती मऊ होती, काळी. कित्येक पिढ्यांची पानं कुजून झालेली. हरळी मुळासकट येत होती. मी ढीग घालत गेले. आईच्या आजारपणापासून अंगात जे साठलं होतं ते सगळं मनगटात उतरलं. अर्ध्याहून जास्त जागा उघडी झाली तेव्हा मागं वहाणांचा आवाज आला आणि थांबला.

वळून बघितलं. टक्कल पडलं होतं. कान मात्र बाबांचेच, तसेच बाहेर आलेले.

"ताई," तो म्हणाला, "अगं, काय केलंस हे?"

"तू अर्धं ठेवलं होतंस ते पुरं केलं."

"इथं कोणी हात लावत नाही."

"ते दिसतंच आहे."

तो ढिगाकडं बघत मटकन दगडावर बसला. मग त्यानं सांगितलं. त्यांच्या मूळ संतांनी म्हणे माळ्याला सांगून ठेवलं होतं की सगळी जमीन लावू नकोस, थोडी तशीच सोड, म्हणजे आपल्या आपण येणारं गवत आणि रानफुलं आपल्या वेळेला येतील. मठ बांधला तेव्हापासून हा कोपरा तसा सोडलेला. इथं ना कोणी पेरलं, ना कोणी उपटलं. गाइड शेवटी लोकांना इथंच आणतो. पाटीवरही ते लिहिलंय, तो म्हणाला, आणि पाटीकडं बोट दाखवलं. पाटीवर माझी पिशवी लोंबत होती.

घासभर लाज वाटली, नाही असं नाही. शेकडो वर्षं जे कोणी मोडलं नाही ते मी एका दुपारी मोडलं होतं. पण लाज गिळली आणि तिच्यामागून राग आला.

"बारक्या, हा कोपरा सोडायला काय जातं रे? बाकीची बाग खुरपणारं कोणीतरी असतं म्हणून एक कोपरा मोकळा सोडता येतो. आपल्या घरात तो कोपरा तू होतास. बाकीची बाग मी."

तो दोरीच्या गाठींशी खेळत राहिला. एवढा मोठा झाला तरी हात तसेच, घाबरला की काहीतरी चाळा करणारे.

मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. कपाटाचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं. एक दिवस चल म्हटलं. चादर धुतलीय हेही सांगितलं, जे सांगायचं नव्हतं.

तो मान हलवत राहिला. मी विचारलं, सोडत नाहीत का? वर कोणाला विचारायचं असेल तर मी विचारते.

"कोणी अडवलं नाहीये. विचारलं तर उद्या सकाळी सोडतील."

"मग?"

"आलो तर परत चढून येणं होणार नाही माझ्याच्यानं."

"मग नको चढू."

"म्हणूनच येत नाही, ताई."

"आईच्या वेळीही हेच?"

"हेच."

मी इतकी वर्षं धरून चालले होते की काहीतरी मोठं कारण असेल. नियम असेल, व्रत असेल, देव असेल. मोठ्या कारणाला शिव्या घालता येतात. हे तर एवढंसं निघालं, पावसात भिजलेल्या पिल्लासारखं. घरी आला की घराचाच होईल, इतका तकलादू माझा भाऊ. त्याला मारावं की जवळ घ्यावं कळेना. दोन्ही केलं नाही. पाठ फिरवली आणि पुन्हा खुरपायला लागले. अर्ध्यावर सोडायची सवय त्याची, माझी नाही.

थोड्या वेळानं बाजूला झगा सळसळला. त्यानं तो गुडघ्यापर्यंत वर घेतला, टोकं कमरेच्या दोरीत खोचली आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला. हरळीचा एक बुडखा धरून हलवून हलवून मुळासकट काढला. मातीला धक्का न लावता, झटकून, ढिगावर. दुसरा काढला. मी बघत राहिले. कोपऱ्याला हात न लावायचा नियम त्याचा होता, माझा नव्हता.

"वरच्या फळीवर काय असेल?" त्यानं विचारलं.

मला कळायला क्षण लागला. मग म्हटलं, तिचे चांगले कपडे असणार. निळी शाल आहे का, तो म्हणाला. असेल. ती शेजारच्या मावशीला दे, तिला नेहमी आवडायची. मी म्हटलं, मावशीला कशाला, मी वापरीन. बरं, तू वापर.

असं आम्ही ते कपाट तिथं उघडलं. मातीत बसून, एकेक फळी. दुसऱ्या फळीवर चादरी, उशांचे अभ्रे, पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल जो एकाही पाहुण्याला कधी मिळाला नाही. त्याच्या खाली औषधं आणि छातीचे काढलेले फोटो. ते टाकून दे. बाबांचा चष्मा असेल. तो नको टाकू. बटणांचा डबा असेल. डब्यावर मासा होता, तो म्हणाला. मी म्हटलं, जहाज होतं. मासा, ताई, मला स्वच्छ आठवतंय, शेपटीकडचा रंग मीच नखानं खरवडला होता. मी म्हटलं, तुझं डोकं खरवडलंय, ते जहाज होतं. तो हसायला लागला, तेच फसफसणारं हसू, नाकातून येणारं. मलाही हसू आलं. त्या क्षणी कोणी मला विचारलं असतं की काय हवंय, तर मी म्हटलं असतं, एवढंच, रोज संध्याकाळी.

वास येईल ना उघडल्यावर, त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, डांबराच्या गोळ्यांचा येईल. आईचा नाही येणार आता.

तेवढ्यात छत्रीवाला गाइड घोळका घेऊन वळणावरून आला. कोणाचाही हात न लागलेल्या कोपऱ्याबद्दल बोलत बोलतच आला बिचारा, आणि समोर बघतो तर काळी माती, तणाचा ढीग आणि चिखलाच्या हातांची दोन माणसं. त्याचं वाक्य अर्ध्यातच लोंबलं. एकानं तेवढ्यात आमचा फोटो काढला. कोणीतरी आत धावलं आणि मठाचे प्रमुख आले. काठी टेकत आलेले, कानात यंत्र, भुवया पांढऱ्या. बारक्या उभा राहिला. मीही उठले, खुरपं हातातच. मनात म्हटलं, बोल, एक शब्द बोल म्हाताऱ्या, मग मी काय बोलते ते बघ.

त्यांनी मातीकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं, मग बारक्याच्या. बहुतेक माझेही कान तसेच असावेत.

"बरं," ते म्हणाले, "आता काय येतं ते बघू."

आणि निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडायला तरी कोणीतरी मिळालं असतं.

घंटा झाली. बारक्यानं खोचलेला झगा खाली सोडला, झारी आणली आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं. मी हात चोळत होते, तो ओतत होता. पाणी संपल्यावरही झारी तिरकीच धरून उभा होता. मी म्हटलं, पुरे. दारापर्यंत आला, उंबऱ्याच्या आत थांबला. जेवत जा वेळेवर, म्हणाला. मी म्हटलं, तूही. उताराला लागल्यावर एकदा मागं बघितलं. दार बंद नव्हतं, पण त्यात कोणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते. मावशी दारात उभी होती. भाऊ कुठाय, असं तिनं विचारलं नाही, माझ्या मागं रस्त्यावर एकदा बघितलं फक्त. मी आत जाऊन खिळ्यावरून दोरा काढला आणि कपाट उघडलं.

डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

वरच्या फळीवर निळी शाल नव्हती. तिथं बारक्याचे शर्ट होते. सगळे. मठात जाताना मागं टाकलेले, घडी घातलेले, आणि इस्त्रीची कड इतकी ताजी की जणू परवा केलेली. शाळेचा स्वेटर, कोपराला ठिगळ. पॉलिश केलेले बूट, आत कागदाचे बोळे. आई खाटेला खिळेपर्यंत ते शर्ट काढून, धुऊन, इस्त्री करून परत ठेवत होती. मी कामावर गेल्यावर. मला कधी समजलंही नाही. दुसऱ्या फळीवर चादरी. बटणांच्या डब्यावर ना मासा, ना जहाज, फुलांची परडी होती. एका फुलाचा रंग नखानं खरवडलेला. आईचे स्वतःचे कपडे सगळ्यात खाली, दोन हातांत मावतील एवढे, आणि त्यांच्यात निळी शाल, वाळवी नाही पण कसर लागलेली.

माझं काही आहे का ते मी बघितलं. फळी फळी बघितली, बुटांच्या आत बघितलं. फ्रॉक, रिबीन, शाळेचं काही. काही नव्हतं. जो घरात असतो त्याचं जपून काय ठेवायचं? तो असतोच.

रडले नाही. कपाटाचं दार लावलं, आरशात मी दिसले, तिकडं बघितलं नाही.

सकाळी त्यातला एक शर्ट काढला, चौकड्यांचा, आणि साडीवर चढवून कामाला गेले. मुकादमानं वरखाली बघितलं. नवा दिसतोय, म्हणाला.

"भावाचा आहे."

"आला वाटतं शेवटी?"

"नाही."

वाफ्यात हरळी माजली होती. शर्टाच्या बाह्या लांब पडत होत्या. इस्त्रीची कड मोडून त्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि खुरपायला बसले.